क्लॅटचे इंग्रजी उतारे: बारावीनंतर कायद्याकडे जाणाऱ्यांसाठी वाचनाची तयारी, पायरीपायरीने

क्लॅट ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सामायिक प्रवेश परीक्षा. तिच्या इंग्रजी विभागाची तयारी करायची म्हणून बरेच जण आधी व्याकरणाचं जाड पुस्तक आणि तीन हजार शब्दांची यादी विकत आणतात. २०२० पासून या परीक्षेत त्यातलं काहीही थेट विचारलं जात नाही. रिकाम्या जागा नाहीत, काळ ओळखा नाही, समानार्थी शब्दांच्या जोड्या नाहीत. उतारा असतो आणि त्याखाली प्रश्न असतात, बस्स. आणि हे फक्त इंग्रजीचं नाही. विधी, तर्क, सामान्य ज्ञान, एवढंच काय गणितसुद्धा उताऱ्यावरच येतं. त्यामुळे पुढे जे सांगितलंय ते इंग्रजी विभागासाठी असलं तरी त्याचा उपयोग संपूर्ण पेपरला होतो.

हा लेख मुख्यतः मराठी किंवा निम-इंग्रजी माध्यमातून आलेल्यांसाठी आहे. इंग्रजी वाचता येतं, अर्थही लागतो, पण दोन पर्यायांत अडकून नेमका चुकीचा निवडला जातो, अशी अवस्था असेल तर पुढे वाचा.

१. आधी पेपर ओळखा

क्लॅट यूजीत (बारावीनंतरच्या पदवीसाठीच्या परीक्षेत) १२० प्रश्न, १२० मिनिटं. बरोबर उत्तराला १ गुण, चुकल्यास ०.२५ वजा. इंग्रजीचे २२ ते २६ प्रश्न, म्हणजे साधारण २० टक्के. प्रत्येक उतारा सुमारे ४५० शब्दांचा, ललित किंवा ललितेतर, आजचा किंवा ऐतिहासिक महत्त्वाचा. एका उताऱ्यावर बहुधा पाच-सहा प्रश्न, म्हणजे चार ते पाच उतारे. परीक्षा कागदावर होते आणि उत्तरं ओएमआर पत्रिकेवर (यंत्राने वाचायची उत्तरपत्रिका) गोळे काळे करून द्यायची असतात.

कन्सॉर्टियमच्या (परीक्षा घेणारा राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा संघ) माहितीपत्रकात इंग्रजी विभागात काय तपासतात ते स्पष्ट लिहिलेलं आहे: मुख्य मुद्दा समजणं, निष्कर्ष काढणं, सारांश सांगणं, दोन मतांची तुलना करणं, आणि शब्दाचा त्या जागी असलेला अर्थ ओळखणं. हे पाच प्रकार वहीच्या पहिल्या पानावर लिहा. सराव करताना प्रत्येक प्रश्नाला यातलं एक नाव द्यायचं आहे.

त्याच माहितीपत्रकात असंही म्हटलंय की बारावीच्या विद्यार्थ्याला असा उतारा वाचायला पाच ते सात मिनिटं लागावीत. त्यावर विसंबू नका. चार उताऱ्यांना नुसतं वाचायलाच सात मिनिटं दिली तर २८ मिनिटं तिथेच गेली, प्रश्न अजून बाकी. संपूर्ण इंग्रजीला २५ मिनिटं धरली तर एका उताऱ्याच्या वाट्याला प्रश्नांसकट जेमतेम सहा येतात: अडीच मिनिटं वाचन, साडेतीन मिनिटं प्रश्न. म्हणजे वाचनाचा वेग मिनिटाला १८० शब्द हवा. हा वेग काही अचाट नाही. मराठी वर्तमानपत्र तुम्ही याच वेगाने किंवा जास्त वेगाने वाचता.

२. सामान जमवा

- कन्सॉर्टियमच्या संकेतस्थळावरच्या २०२० नंतरच्या प्रश्नपत्रिका आणि नमुना संच. २०१९ आणि त्याआधीचे पेपर वाचनाच्या सरावासाठी घेऊ नका, तो साचा वेगळा होता.
- एका इंग्रजी दैनिकाचं संपादकीय पान. 'द हिंदू' किंवा 'इंडियन एक्सप्रेस', कोणतंही एकच.
- जुन्या धाटणीच्या इंग्रजीसाठी संविधान सभेतील १९४६ ते १९४९ मधल्या चर्चा, संसदेच्या संकेतस्थळावर त्या फुकट आहेत. जुन्या कादंबऱ्यांचे उतारे प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत पुस्तकांच्या संकेतस्थळावर मिळतील.
- दोनशे पानी वही, मोबाइलवरचं स्टॉपवॉच आणि पेन्सिल.
- छापील कागद. पडद्यावर सराव करून कागदावर परीक्षा देऊ नका. रोज नाही जमलं तरी आठवड्याचे दोन-तीन उतारे छापून घ्याच, कारण अधोरेखित करण्याची सवय हाताला लागावी लागते.

शब्दकोश यादीत नाही, तो विसरून राहिलेला नाही. त्याबद्दल पाचव्या पायरीत.

३. पहिली चाचणी, घड्याळ लावून आणि घड्याळ न लावता

एका जुन्या पेपरमधले चार इंग्रजी उतारे काढा. दोन उतारे सहा-सहा मिनिटांत सोडवा. उरलेले दोन लागेल तेवढा वेळ घेऊन सोडवा. मग गुण वेगवेगळे मोजा.

घड्याळ न लावता १२ पैकी १० बरोबर आणि घड्याळ लावून ६, तर तुमचा प्रश्न वेगाचा आहे. सराव वाढवला की तो सुटतो. पण निवांत बसूनही ६-७ च बरोबर येत असतील तर वेगाच्या मागे लागणं म्हणजे चुका लवकर करायला शिकणं. अशांनी चौथ्या पायरीवर किमान सहा आठवडे काढावेत. बहुतेक नवखे याच दुसऱ्या गटात असतात आणि स्वतःला पहिल्या गटात समजतात.

४. चुकीचा पर्याय का चुकीचा, ते नावानिशी सांगायला शिका

खरी तयारी इथे आहे. बरोबर पर्यायाच्या मागे उताऱ्यातली एखादी ओळ उभी असते. चुकीचा पर्याय ठरावीक चार-पाच पद्धतींनीच बनवलेला असतो. परीक्षेतला उतारा इंग्रजीत असेल, पण सापळे भाषेचे नसतात, म्हणून ते आधी मराठीत पाहू. हा छोटा नमुना उतारा घ्या:

"शहरातले जुने वाडे वाचवा, अशी मागणी करणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. मात्र वाडा वाचवताना त्यात राहणाऱ्या भाडेकरूचा विचार क्वचितच होतो. गळकं छत, सगळ्यांत मिळून एक संडास आणि कधी कोसळेल याचा नेम नसलेली भिंत त्याच्या वाट्याला येते. कौतुक होतं ते कोरीव खांबांचं. वारसा जपायचा असेल, तर आधी त्यातली माणसं नीट राहू शकतील अशी सोय करावी लागेल."

प्रश्न: लेखकाचा मुख्य मुद्दा कोणता?

अ) धोकादायक झालेले जुने वाडे पाडून तिथे नव्या इमारती बांधाव्यात.
ब) वाड्यांतल्या भाडेकरूंना एकच संडास मिळून वापरावा लागतो.
क) वारसा जपणाऱ्यांना भाडेकरूंची मुळीच फिकीर नसते.
ड) वाडे जपताना तिथल्या रहिवाशांच्या सोयीला आधी स्थान मिळायला हवं.

उत्तर ड. ते कळायला अवघड नाही. बाकीचे तीन कोणत्या जातीचे आहेत, ते जास्त महत्त्वाचं.

अ ही उडी आहे. भिंत कोसळेल म्हटलं की पाडा, हा विचार आपल्या डोक्यातून येतो. लेखक तर 'जपायचा असेल तर' असं म्हणतोय.

ब हा तुकडा. शब्दशः खरा, उताऱ्यात आहे, आणि म्हणूनच सर्वांत धोकादायक. 'हे तर दिलंय की' म्हणून हात तिकडे जातो. पण प्रश्न मुख्य मुद्द्याचा होता.

क हा अतिरेक. उताऱ्यात 'क्वचितच' आहे, पर्यायात 'मुळीच' झालं. इंग्रजीत ऑल, नेव्हर, ओन्ली, ऑल्वेज, एन्टायरली असे शब्द पर्यायात दिसले की तितकाच टोकाचा शब्द उताऱ्यात शोधा. सापडला तर पर्याय बरोबरही असू शकतो. 'टोकाचा शब्द म्हणजे चूकच' हा शिकवणीतला नियम डोळे मिटून वापरू नका.

चौथी जात या नमुन्यात नाही: उलटापालट. म्हणणं एकाचं, पर्यायात घातलं दुसऱ्याच्या तोंडी. किंवा कारणाचं कार्य झालं आणि कार्याचं कारण. लेखक आधी विरोधकाची बाजू मांडून मग तिचं खंडन करतो, अशा उताऱ्यांत हा सापळा हमखास असतो. पाचवी जात म्हणजे बाहेरचं ज्ञान. पर्यायातलं विधान जगात खरं असतं, तुम्ही ते वर्तमानपत्रात वाचलेलंही असतं, पण उताऱ्यात कुठेच नसतं. चालू घडामोडी चांगल्या असलेली मुलं इथे जास्त घसरतात.

आता याच उताऱ्यावर दुसरा प्रश्न: वारसाप्रेमींबद्दल लेखकाचा सूर कसा आहे? 'तुच्छतेचा' असा पर्याय मोह पाडेल, कारण पुढे टीका आहे. पण पहिल्याच वाक्यात हेतू चांगला असल्याचं मान्य केलंय. म्हणून उत्तर 'सहानुभूती ठेवून केलेली टीका' असं काहीतरी असेल. सुराच्या प्रश्नात पहिलं वाक्य आणि 'मात्र' नंतरचं वाक्य, दोन्ही मिळून उत्तर देतात. एकट्यावर जाऊ नका.

रोजचा सराव असा: एक उतारा, घड्याळ नाही. प्रत्येक प्रश्नाला उत्तर निवडायचं, त्याचा आधार असलेली ओळ अधोरेखित करायची, आणि उरलेल्या तिन्ही पर्यायांपुढे उडी, तुकडा, अतिरेक, उलट, बाहेरचं यांपैकी एक शब्द लिहायचा. उत्तरतालिका त्यानंतरच उघडायची. एका उताऱ्याला सुरुवातीला ४० मिनिटं लागतील. लागू द्या. महिन्याभरात ती पंधरावर येतात.

५. मराठीतून विचार करा, पण वाक्यं भाषांतरित करू नका

'इंग्रजीतच विचार करा' हा सल्ला ऐकायला छान आहे आणि चार महिन्यांत बहुतेकांना तो जमत नाही. त्याऐवजी एवढंच करा: परिच्छेद पूर्ण वाचायचा आणि समासात तीन-चार मराठी शब्दांत त्याचं काम लिहायचं. 'जुनं मत', 'आक्षेप', 'उदाहरण', 'लेखकाचा तोडगा'. एवढ्याने उताऱ्याचा नकाशा तयार होतो आणि प्रश्न आला की कुठल्या परिच्छेदात जायचं ते कळतं. वेळ वाचनात जात नाही, तो पूर्ण उतारा तीन-तीनदा पुन्हा वाचण्यात जातो. वाक्यागणिक मनात मराठी करत बसलात तर मात्र १८० शब्दांचा वेग कधीच येणार नाही.

वळणाचे शब्द दिसले की पेन्सिलने गोल करा: बट, यट, हाऊएव्हर, ऑलदो, डिस्पाइट, नेव्हरदलेस. मराठीतले 'मात्र' आणि 'तरीही' जे करतात तेच हे करतात. लेखकाचं खरं म्हणणं बहुधा वळणाच्या पुढे असतं.

आपल्याकडच्या मुलांना नेमके नडणारे काही शब्द:

'फ्यू' म्हणजे जवळजवळ कोणीच नाही, 'अ फ्यू' म्हणजे काही थोडे. एका अक्षराने वाक्य उलटतं.
'क्वालिफाइड सपोर्ट' म्हणजे शिकलेल्या माणसाचा पाठिंबा नव्हे, तर अटी घालून दिलेला पाठिंबा.
'अपोलॉजिस्ट' माफी मागत नाही, तो समर्थन करतो.
'डिसइंटरेस्टेड' म्हणजे कंटाळलेला असं समजू नका; चांगल्या गद्यात तो निःपक्ष असतो.
'सँक्शन' म्हणजे मंजुरीही आणि निर्बंधही. आजूबाजूची वाक्यंच ठरवतात.
'नॉट अनकॉमन' यासारखे दुहेरी नकार: दोन्ही नकार खोडा आणि वाचा, 'बऱ्यापैकी आढळणारं'.

शब्दार्थाच्या प्रश्नात पर्यायांमध्ये त्या शब्दाचा सर्वांत ओळखीचा अर्थ बहुतेक वेळा ठेवलेला असतो आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. प्रत्येक पर्याय मूळ वाक्यात घालून वाचा. जो बसतो तो बरोबर, शब्द माहीत असो वा नसो.

शब्दकोशाचं आता. वाचताना अडलेला शब्द लगेच पाहायचा नाही. आधी अंदाज लिहायचा, उतारा संपल्यावर कोश उघडायचा, आणि वहीत शब्द एकटा न उतरवता पूर्ण वाक्य उतरवायचं. दिवसाला पाच पुरे. यातही सुराचे शब्द आधी घ्या: स्केप्टिकल, अँबिव्हॅलंट, डिसमिसिव, नॉस्टॅल्जिक, आयरॉनिकल, कॉन्सिलिएटरी. पर्यायांचेच अर्थ लागत नाहीत म्हणून उतारा पूर्ण समजूनही गुण जातात, हे फार होतं.

६. रोजचं वाचन, अर्धा तास

संपादकीय पानावरचा एक लेख. वेळ लावून वाचा, मग कागद उलटा ठेवून दोन मराठी वाक्यं लिहा: लेखक काय म्हणतो, आणि कशाच्या आधारावर. लिहिता आली नाहीत तर त्या दिवशीचा वेग मोजूच नका. आठवड्यातले दोन दिवस संपादकीय सोडून ललित गद्य घ्या. कादंबरीतल्या उताऱ्यात मुद्दा नसतो. पात्राला काय वाटतंय आणि निवेदकाला त्या पात्राबद्दल काय वाटतंय, या दोन गोष्टी वेगळ्या असतात. फक्त अग्रलेख वाचून तयार झालेला विद्यार्थी अशा उताऱ्यात मुद्दा शोधत राहतो.

७. चुकांची वही

पाच रकाने: तारीख, प्रश्नाचा प्रकार, कोणत्या सापळ्यात पाय गेला, आधाराची ओळ, तेव्हा मनात काय होतं. शेवटच्या रकान्यात 'लक्ष नव्हतं' किंवा 'सिली मिस्टेक' असं लिहायला बंदी. 'शेवटचा परिच्छेद वाचलाच नाही', 'नॉट हा शब्द सुटला', 'ब आणि ड मध्ये ब छोटा म्हणून घेतला' असं लिहा. चाळीसएक चुका जमल्या की मोजा. बहुतेकांच्या निम्म्या चुका एकाच जातीच्या निघतात. तुकड्यात अडकणाऱ्याने प्रश्नाच्या प्रकाराखाली रेघ मारूनच पर्यायांकडे जावं. उडी मारणाऱ्याने ओळ दाखवता आली नाही तर उत्तर बदलावं.

८. आठवड्यांचं गणित

क्लॅट २०२५ ही १ डिसेंबर २०२४ ला झाली, क्लॅट २०२६ ही ७ डिसेंबर २०२५ ला. म्हणजे परीक्षा डिसेंबरच्या सुरुवातीला धरून सोळा आठवडे मागे गेलं की ऑगस्टचा मध्य येतो. पहिले दोन आठवडे चाचणी आणि सामान. तिसरा ते आठवा: रोज एक उतारा, घड्याळाशिवाय, चौथ्या पायरीप्रमाणे. नववा ते बारावा: रोज दोन उतारे बारा मिनिटांत. शेवटचे चार आठवडे: दर शनिवार-रविवारी पूर्ण मॉक (सराव परीक्षा), दुपारी २ ते ४, कारण पेपर त्याच वेळी असतो. जेवणानंतरच्या सुस्तीत लक्ष ठेवायचा सराव सकाळच्या मॉकने होत नाही. मॉकच्या विश्लेषणाला मॉकइतका वेळ दिला नाही तर तो मॉक वाया गेला.

याच दिवसांत कनिष्ठ महाविद्यालयाच्या पूर्वपरीक्षा जवळ येतात. ऑक्टोबरपर्यंत इंग्रजीचा पाया झाला नसेल तर नोव्हेंबरमध्ये तो होत नाही.

९. अर्जाची कागदपत्रं

अर्ज जुलै-ऑगस्टच्या सुमारास ऑनलाइन सुरू होतो. छायाचित्र आणि सहीची स्कॅन प्रत, लागू असल्यास जात प्रवर्ग किंवा दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र तयार ठेवा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठांत राज्यातल्या अधिवासी विद्यार्थ्यांसाठी काही जागा असतात, त्यासाठी अधिवास प्रमाणपत्र लागतं. ते सेतू केंद्रातून मिळायला दिवस जातात. नंतर बघू म्हणू नका.

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची परीक्षा वेगळी आहे. राज्याच्या सीईटी कक्षाची विधी सीईटीही वेगळी. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय किंवा पुण्याचं आयएलएस हवं असेल तर तिचाही अर्ज भरावा लागतो.

१०. पेपरच्या दिवशी

वेळेची एक वाटणी: सामान्य ज्ञान १२ मिनिटं, इंग्रजी २५, विधी ३५, तर्क ३०, गणित १५. तीन मिनिटं शिल्लक. सामान्य ज्ञानाचे उतारे पूर्ण वाचावे लागत नाहीत, म्हणून तिथला वाचलेला वेळ विधी आणि तर्काकडे जातो. क्रम तुमचा तुम्ही ठरवा, पण मॉकमध्ये ठरवा.

उतारा हातात आला की आधी फक्त प्रश्नांवर नजर फिरवा, दहा-पंधरा सेकंद, पर्यायांवर नाही. चारपैकी तीन पर्याय खोटे असतात आणि आधी वाचलेलं खोटंही डोक्यात बसतं. मग उतारा एकदाच, नीट. आधी शब्दार्थाचे आणि ठरावीक ओळींवरचे प्रश्न, मग निष्कर्षाचे, शेवटी मुख्य मुद्दा. तोवर उतारा आपोआप दोनदा पाहून झालेला असतो.

ओएमआर शेवटी भरायला ठेवू नका. एका गोळ्याला तीन सेकंद धरले तरी १२० गोळ्यांना सहा मिनिटं लागतात, आणि घाईत एक ओळ सरकली की पुढची सगळी सरकतात. उतारा संपला की त्याचे पाच-सहा गोळे भरायचे आणि प्रश्न क्रमांक मनात म्हणायचा. काळं केलेलं उत्तर बदलता येत नाही.

सोडायचं की ठोकायचं? दोन पर्याय नक्की बाद झाले असतील तर ठोकाच: असे १६ प्रश्न लावले आणि निम्मे बरोबर आले, तर ८ मधून २ जाऊन ६ गुण हातात राहतात. चारही पर्याय सारखेच वाटत असतील तर सरासरी फायदा प्रश्नामागे जेमतेम ०.०६ गुणाचा, तिथे विचार करण्यात घालवलेलं मिनिट जास्त महाग पडतं.

एका प्रश्नावर दीड मिनिट गेलं की पुस्तिकेत खूण करून पुढे. इंग्रजीत आघाडी हवी म्हणून एका कठीण उताऱ्यावर दहा मिनिटं घालवणारे विधीचे दोन सोपे उतारे न वाचताच परत देतात.

११. पेपर झाल्यावर

काही दिवसांत तात्पुरती उत्तरतालिका येते आणि आक्षेप नोंदवायला मुदत मिळते. आक्षेपाला प्रत्येक प्रश्नामागे शुल्क असतं, म्हणून 'मला असं वाटतं' एवढ्यावर पैसे घालवू नका. उताऱ्यातली ओळ, तिच्यावरून तुमचं उत्तर, आणि दिलेलं उत्तर कोणत्या शब्दामुळे बसत नाही, एवढं लिहिता आलं तरच आक्षेप घ्या. तो गांभीर्याने घ्यायचा प्रकार आहे: क्लॅट २०२५ च्या उत्तरतालिकेचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेला होता, आणि न्यायालयांनी काही प्रश्नांबाबत बदल करायलाही सांगितलं. आक्षेपाची मुदत मात्र थोडीच असते, त्यामुळे पेपरहून आल्यावर त्याच रात्री शंका असलेले प्रश्न वहीत उतरवून ठेवा.